टेकडीवरचं ऊन

“टेकडीवर आज काय चाललंय, सूनबाई?” सासऱ्यांनी बाकावरून विचारलं.

ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. दोरीपलीकडे टेकडी नव्हतीच. होता एक रुंद खड्डा, त्यात साठलेलं तांबडं पाणी, आणि पल्याड आभाळापर्यंत गेलेली शेतं. उरलेला शेवटचा ढिगारा आज दुपारीच गाडीत भरून गेला होता.

“शेरडं चरताहेत, मामंजी. वरच्या झाडाला पालवी फुटतेय.”

“न्हावी तर म्हणाला, फुलं आलीत.”

तिने मनातल्या मनात न्हाव्याला चार शिव्या हासडल्या. “आली होती. वाऱ्याने गळाली.”

सासरे मान हलवून हसले. डोळे मिटलेलेच होते. उघडे ठेवले काय आणि मिटले काय, त्यांना आता सारखंच होतं.

गावातली पहिली वीट त्यांनीच भाजलेली. त्याआधी इथे कुडाच्या भिंती होत्या आणि नदी फुगली की घरं बिऱ्हाडासकट वाहून जायची. त्यांनी टेकडीची माती खणून भट्टी लावली, तेव्हा कुठे गाव जागेवर राहिलं. डोळे अधू झाल्यावर त्यांनी भट्टी लेकाच्या हाती दिली आणि चारचौघांसमोर एवढंच मागितलं, “टेकडी अर्धी उरलीये, ती राहू द्या. गावाच्या पाठीशी कुणीतरी हवं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शाळेला वरचा मजला हवा झाला, दवाखान्याला कुंपण, दूधवाल्याला गोठा, न्हाव्याला स्वतःचं दुकान. फार कुणीच नेलं नाही. ज्याने त्याने लागेल तेवढंच नेलं.

आणि मग सगळ्यांनाच लाज वाटायला लागली. त्यामुळे बाकापुढून रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही. येणारा जाणारा टेकडीची एक तरी बातमी ठेवून जाई, तीही तिखटमीठ लावून. एकदा पोस्टमनने उत्साहाच्या भरात तिथे बिबट्या सोडला. शेरडांच्या काळजीने सासऱ्यांना जेवण जाईना. शेवटी हेडमास्तरांना घरी येऊन बिबट्या हाकलावा लागला.

अशाने टेकडी वाढतच गेली. कधी नव्हता तो झराही तिच्यावरून वाहू लागला. कपडे वाळत घालताना सूनबाईसुद्धा कधीकधी मान वर करून शेरडं शोधायची आणि मग स्वतःशीच ओशाळायची.

तिचा नवरा तेवढा टेकडीबद्दल अवाक्षर काढत नसे. शब्द दिलेला त्याने, आणि मोडलेलाही त्यानेच. वडिलांनी टेकडीचं नाव काढलं की तो उठून जाई. आज सकाळी मात्र म्हणाला होता, “आज भट्टी विझवतो. आणि संध्याकाळी अण्णांना सांगून टाकतो.” तेव्हापासून तिला एकच काळजी लागली होती. या वयात माणसाने हाय खाल्ली म्हणजे?

“सूर्य कुठवर आला?” सासऱ्यांनी विचारलं.

“टेकडीला टेकला, मामंजी. सावली येईलच आता.”

बोलता बोलता तिने चादरीची घडी घातली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर लख्ख ऊन पडलं होतं. ती जागच्या जागी थबकली.

“येऊ दे सावकाश,” ते म्हणाले. “पूर्वी माझा चहा संपायच्या आत पायाशी यायची. हल्ली कप विसळून फडताळात जातो, तरी ऊन आपलं तोंडावरच.”

“मामंजी, तुम्हाला...”

“आंधळा झालोय गं. अंगाला ऊन कळतंच की.”

तिला रडूच आलं. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? पहिल्या वर्षी राग आला. असा राग आला की सगळ्यांच्या भिंती पाडून टाकाव्यात. रात्री उशीत तोंड खुपसून रडलो. पण लोक बिचारे इतकं जीव लावून खोटं बोलतात! मी गप्प बसलो नसतो, तर त्या झाडाला फुलं कुणी आणली असती?” मग ते म्हणाले, “एकदा उठताना तोल गेला आणि हात मागे टेकला. ये, बघ.”

त्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि बाकामागच्या भिंतीवर ठेवला. विटा खरबरीत होत्या. दिवसभराच्या उन्हाने छान उबदार झाल्या होत्या.

“आहे की नाही पाठीशी?” ते म्हणाले.

फाटक वाजलं. नवरा आत आला. पाय राखेने माखलेले, आणि तोंड असं की वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य ओठाशी येऊन बसलंय. तो वडिलांसमोर उभा राहिला.

“अण्णा, टेकडी राहिली नाही. मी सगळी खणली.”

सासऱ्यांनी बाकावर थोडं सरकून जागा केली. “बस. दमला असशील. भिंतीला टेक नीट.”

तो बसला. पाठ विटांना लागली तसे त्याचे खांदे हळूहळू खाली आले. समोर रिकाम्या आभाळात सूर्य अजून बराच वर होता. सूनबाईने कपड्यांचं बोचकं बाजूला ठेवलं आणि तीही बाकाच्या टोकाला टेकली.

“हं,” थोड्या वेळाने सासरे म्हणाले, “आता तू सांग. टेकडीवर आज काय चाललंय?”

लेकाने बायकोकडे पाहिलं. मग डोळे पुसून समोर बघत राहिला.

“कोल्हीण आहे, अण्णा,” तो म्हणाला. “पिल्लांना घेऊन उन्हाला बसलीये.”