दाजींचा बिबट्या

“कुणाला खरं वाटायचं न्हाय, पण मानकोलीला गोदामं व्हायच्या आधी मी एकट्यानं बिबट्या गार केलाय!” दाजींनी मांडीवर थाप मारली. शुक्रवार, यंत्रमाग बंद, म्हणून धामणकर नाक्यामागच्या गल्लीत त्यांचा आवाज घुमत होता. पण त्यांच्या ओट्यावरची सगळी पोरं मोबाइलच्या खेळात. ऐकत होती ती फक्त नात करिष्मा, कारण तिचा फोन सकाळपासून सापडत नव्हता.

“अरे, मी मेलो! परत मेलो!” शेजारचा भूपेश हसत ओरडला.

दाजींचं डोकंच फिरलं. “चहा पिता पिता मरतो काय रे? आमच्यात माणूस मेला तर घरात चूल पेटत न्हाय, आन् तू दात काढतो? मी असल्या खेळाला बोट पण लावलं न्हाय कधी. आजपासून खेळातला एक शब्द जरी कुणी काढला, तर त्यानं या ओट्यावरून उठायचं!”

फोन खिशात गेले. दाजींना चेव आला. “तर बिबट्यानं झाडावरून उडी घेतली. मी हाणली काठी, तो जागीच नॉक! वाटलं, संपला. तवर झुडपातून त्याची मादी धावत आली, आन् तिनं त्याला रिवाइव्ह दिला!”

“रिवाइव्ह? खेळात पडलेल्या गड्याला परत उठवतात, तो?” भूपेशनं कान टवकारले. करिष्मानं हात पुढं केला.

“आजोबा, माझा फोन द्या. आणि उठा आता, स्वतःच्याच ओट्यावरून.”