सज्ञान

"सज्ञान भाऊ कुटुंबात धरत नाहीत," दुभाष्याने आश्रय कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं सांगितलं. "याच्या बोटांचे ठसे बल्गेरियाने आधी घेतले, तेव्हा आश्रयाचा अर्ज तिकडेच चालणार."

"सतरा वर्षांचा आहे हो तो. आई गेल्यावर मीच वाढवलाय," झरमीना म्हणाली. त्याच्याच वाटेकडे डोळे लावून ती जर्मनीत राहिली होती.

"तिथे यानेच वय वीस सांगितलंय."

झरमीनाने भावाकडे पाहिलं. "का रे समी?"

"लहान मुलांना वेगळं ठेवत होते, आपा. मला काकाजवळ राहायचं होतं."

"मग काका कुठाय?"

"सकाळी उठलो तर नव्हता. पुढे निघून गेला."

झरमीना रडली नाही. अंगावरची शाल काढून तिने त्याच्या कानांवरून गुंडाळली, हनुवटीखाली गाठ मारली.

"तिकडे थंडी कितपत असते?" तिने दुभाष्याला विचारलं.