चौपन्नावा जोडीदार

"नवरा-बायकोचं नातं एक वेळ तुटेल, पण दुहेरीतली जोडी तुटत नसते," अनंतराव बक्षींनी रामदासपेठेतल्या टेनिस क्लबच्या कॅन्टीनमध्ये सकाळी साडेआठला जाहीर केलं. ऐकायला शोभाताई आणि चहाचं पातेलं एवढीच सभा होती. समोरच्या कोर्टवर त्यांचा सव्वीस वर्षांपासूनचा जोडीदार वसंत निनावे साडेसातपासून दुसऱ्याच माणसाबरोबर खेळत होता.

दुसरा माणूस रुमानियाचा. नाव कोर्नेल. वसंताच्या पुतणीचा, मुग्धाचा नवरा. अठरा वर्षं जगभर हिंडून त्याने फक्त दुहेरी खेळून पोट भरलं होतं. आता निवृत्त होऊन महिनाभर सासुरवाडीला आला होता. उंची सहा फूट चार इंच. अनंतरावांनी ही सगळी माहिती मोबाईलवर काढून ठेवली होती, उंचीसकट.

"शोभाताई, या माणसाचे आजवर त्रेपन्न जोडीदार झाले. कोणासोबत दोन वर्षं, कोणासोबत एकच आठवडा. इथं यादीच आहे."

शोभाताईंच्या हातातली गाळणी थांबली. "त्रेपन्न? अन् मुग्धाले माहीत आहे का हे?"

"टेनिसमधले हो, शोभाताई."

"मंग ठीक आहे." त्यांनी चहा गाळला. "पण तुमचं तोंड तसं नाही सांगून राहिलं, भाऊ."

अनंतराव भिंतीकडे पाहू लागले. भिंतीवर क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा कागद होता. नावं द्यायची मुदत आज नऊपर्यंत. रिवाज असा, की ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. चौथ्या ओळीत 'अनंत बक्षी' होते. शेजारची जागा कोरी. सव्वीस वर्षांत ती जागा पाच मिनिटांच्या वर कधी कोरी राहिली नव्हती. या जोडीने एकदा दुसरी फेरीही गाठली होती. समोरच्यांना लग्नाला जायचं होतं.

कोर्टवर पाच-दोन झालं. समोर जवळच्या हॉस्पिटलचे दोन तरुण डॉक्टर घामाघूम झाले होते. सर्व्हिस कोर्नेलची. वसंत जाळीजवळ उभा राहिला आणि त्याने डावा हात पाठीमागे नेला.

दुहेरीत जाळीजवळचा गडी असा पाठीमागे हात नेऊन जोडीदाराला खुणा करतो. अनंतराव आणि वसंताच्या पाच खुणा होत्या. त्यातल्या दोन टेनिसच्या. उरलेल्या म्हणजे 'दम लागला', 'तुझी बायको आली, शिव्या बंद', आणि अंगठा गोल फिरवला तर 'लेस सुटली'. दोन वर्षांपूर्वी वसंताच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून लेस अनंतराव बांधत.

वसंताने अंगठा गोल फिरवला.

अनंतराव खुर्चीतून अर्धे उठले. तो अंगठा त्यांचा होता.

कोर्नेलने मान हलवली. त्रेपन्न जोडीदारांना हलवली होती तशीच, अनुभवाने. सर्व्हिस मारली, धावत पुढे आला आणि परत आलेला चेंडू स्वतःच मारून टाकला. कोर्टच्या कडेला बसलेल्या मुग्धाने टाळ्या वाजवल्या. वसंत जागचा हलला नव्हता. उजव्या बुटाची लेस कोर्टवर लोळत होती.

त्याने पुन्हा अंगठा फिरवला. कोर्नेलने पुन्हा मान हलवली. पुन्हा गुण.

तोंडाने सांगितलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण मग जावई वाकला असता. मुग्धाला वडील नाहीत. कन्यादान वसंतानेच केलं होतं, जावयाचे पाय त्यानेच धुतले होते. तोच जावई आता मुग्धासमोर आपल्या पायाशी बसणार, यापेक्षा वसंताने पडणं पत्करलं असतं.

अनंतरावांना हे सगळं बसल्या जागी कळलं. ते पुन्हा खुर्चीत टेकले. 'दाखव अजून दुसऱ्यांना अंगठे,' असं मनात म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. आज चहा फारच चांगला झाला होता.

तिसऱ्या गुणाला वसंताचा पाय स्वतःच्याच लेसवर पडला. तो झुकला, जाळी धरून सावरला. अनंतरावांच्या कपातला चहा बशीत आला. 'पडला तर पडू दे,' त्यांनी ठरवलं, आणि खुर्ची कोर्टच्या बाजूला चार हात सरकवली.

चौथ्या गुणाबरोबर सेट संपला. मुग्धा धावतच कॅन्टीनमध्ये आली, मागोमाग कोर्नेल, आणि सगळ्यांत मागे वसंत.

"काका, कोर्नेल म्हणतो, इतका समजूतदार जोडीदार त्याला अठरा वर्षांत मिळाला नाही! खूण करता आणि मधे येत नाही. स्पर्धेत त्याच्यासोबत खेळाल का, विचारतोय." कोर्नेलने शोभाताईंचा पेन उचलून अदबीने पुढे धरला. "काकाजी, प्लीज," तो म्हणाला.

वसंत एक पाय घासत भिंतीपाशी आला. त्याने पेन घेतला. घड्याळात नऊला दहा कमी होते.

अनंतराव उठून उभे राहिले. भाषण सकाळपासून तयार होतं. "वसंता," ते म्हणाले, "सव्वीस वर्षं मी..."

वसंताने जावयाकडे पाठ केली आणि अनंतरावांनी रिकाम्या केलेल्या खुर्चीवर उजवा पाय ठेवला.

"ते मंग बोल गा," तो हळूच म्हणाला. "पहिले लेस बांधून दे. जावई पाहून राहिला."