हुबेहूब साद

मेलेली पाखरं ओळखायला म्हणून वनरक्षकाने मला चौकीवर बोलावलं आणि टेबलावर पोतं उपडं केलं. सगळे तुतवार. दोन समुद्र ओलांडून आलेले, माना पिरगळलेले, पिसं रक्ताने एकमेकांना चिकटलेली. शिकारी बाकावर निवांत दात कोरत बसला होता.

"जाळं लावलं की हा हे वाजवतो," असं म्हणत वनरक्षकाने जप्त केलेला स्पीकर सुरू केला. तुतवारांची साद खोलीभर घुमली.

"इतका स्वच्छ आवाज दुसरीकडे कुठे मिळत नाही, मॅडम," शिकारी कौतुकाने म्हणाला. "वरून निघालेला थवासुद्धा खाली उतरतो."

साद संपली. मग स्पीकरमधून मीच बोलू लागले. शाळांसाठी मी रेकॉर्ड केलं होतं ते: "ऐकलंत ना, मुलांनो? लांबून आलेले पाहुणे आहेत हे. त्यांना जपायचं हं."

शिकाऱ्याने काडी तोंडातून काढली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हीच होय त्या? ते शेवटचं तेवढं कापायचं राहून गेलं. पण पाखरांना कुठे कळतंय."