शिंपीकाकांची तयारी

सहकारी सेवा संस्थेकडे मदतनीस बायका मोजक्या आणि एकटे राहणारे म्हातारे ढीगभर. म्हणून मदत आधी कुणाला द्यायची हे ठरवायला तिथल्या तरुण कार्यकर्तीने विचारपूर्वक प्रश्नावली बनवली होती. शिंपीकाका आपल्या घरी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासमोर ताठ बसले होते.

“काका, जिना चढता येतो?”

“धावत चढतो.”

“आंघोळ?”

“माझी मी करतो.”

“आणि स्वयंपाक?”

“थांब, तुलाच करून वाढतो.”

ती हसली आणि ‘मदतीची गरज नाही’ अशी नोंद करून उठली.

वर्षभराच्या मदतीचं वाटप झालं, तसे काका शेजाऱ्याच्या खांद्याला धरून संस्थेच्या कचेरीत आले. शर्टाची बटणं खालीवर लागली होती. खुर्चीत बसल्यावरही बराच वेळ त्यांची धाप थांबेना.

“समोरच्या वहिनींना तू काय काय विचारलंस ते ऐकून मी आठवडाभर उत्तरं घोकत होतो. त्यांचं तर एकही उत्तर धड नव्हतं, तरी मदतीची बाई त्यांच्याकडेच येते,” काका तिला म्हणाले. “पोरी, माझं नेमकं कुठे चुकलं?”