तेल तापेपर्यंत

कागद छापून बाहेर आला, पण गॅरेजवाल्या हुबर्टनं तो पुढे केला नाही, हातातच धरून ठेवला. कोलोनहून गाडी बघायला आलेले दंतवैद्य डॉक्टर ओवरराथ आणि गाडीची मालकीण रोझ्विटा क्लेस त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

रोझ्विटाला खरं तर काहीच बघायचं नव्हतं. तिचा नवरा एवाल्ड मार्चमध्ये गेला, आरामखुर्चीत, पेपर वाचता वाचता. तेव्हापासून सही कुठे करायची, एवढंच ती लोकांना विचारत होती. दफनाच्या दिवशीसुद्धा तिला रडू आलं नाही. सगळे म्हणाले, येईल नंतर. आता सप्टेंबर लागला होता.

"फ्राउ क्लेस, पुन्हा एकदा विचारतो," डॉक्टर म्हणाले, "साहेब गाडी कशी चालवायचे?"

"हळू," ती म्हणाली. "अडीच वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी शपथ घातली होती. वेग नाही, शर्यतीच्या रस्त्याकडे फिरकायचं नाही. फक्त रविवारी सकाळी पाव आणायला तो गाडी न्यायचा."

सहा महिने हेच तिला आतून खात होतं. चारशे अश्वशक्तीची गाडी दारात, आणि तिनं त्याला दुधाच्या टँकरमागून रांगायला लावलं. दोनच वर्षं उरली होती त्याची, आणि तीही आपण बेचव करून टाकली, असं तिला वाटे. हे बोलून दाखवण्यासारखं माणूस म्हणजे एवाल्डच होता.

डॉक्टरांनी हुबर्टच्या हातातला कागद जवळजवळ ओढूनच घेतला. इंजिनाचा काटा किती वेळा लाल रेघेपलीकडे गेला आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, हे असल्या गाड्यांचा संगणक परस्पर लिहून ठेवतो. मालकाला विचारत बसत नाही.

"चार हजार दोनशे वेळा!" डॉक्टर म्हणाले. "आणि शेवटची नोंद बाराशे सहाव्या तासाची. इंजिन एकूण चाललंय किती?"

"बाराशे सहा तास," हुबर्ट म्हणाला.

"म्हणजे अगदी शेवटच्या फेरीपर्यंत पिळून काढलीय. फ्राउ क्लेस, साहेबांनी तुम्हाला चांगलंच गुंडाळलं की हो!"

हुबर्टचा पारा चढला.

"पिळून? नीट वाचा जरा. लाल रेघेच्या जराशा पलीकडच्या खालच्या दोन ओळी भरल्यात, फार पलीकडच्या वरच्या चार कोऱ्या आहेत. म्हणजे एकदासुद्धा चुकीचा गिअर पडलेला नाही. अशी गाडी झाकून ठेवलीत तर ती उभ्या उभ्या कुजते. तुम्ही पेशंटला काय सांगता, दात टिकवायचेत तर चावू नका?"

"मला जपलेली गाडी हवी आहे."

"अहो, हीच ती! गार इंजिनावर एवाल्डनं कधी पाय दाबला नाही. तेल तापायला पंधरा किलोमीटर लागतात. तोवर हा मुंगीच्या पावलानं. मागून टँकर भोंगा वाजवू दे, नाहीतर खुद्द पाद्री. तेल तापलं, की मग द्यायची मोकळी सोडून. गाडी चालवावी कशी म्हणाल, तर अशी."

डॉक्टरांनी कागदाची घडी केली, ती खिशात घातली आणि सौजन्यानं हात मिळवून ते निघाले. ते आले होते विजेच्या गाडीतून. गेल्याचा आवाजही आला नाही.

हुबर्ट बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

"मला माहीत होतं, रोझ्विटा. टायर मीच बदलायचो त्याचे. पण तुला सांगायचं नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली होती."

आता आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. दोन वर्षं डोळ्यांत धूळ फेकली, त्या फाटक्या हृदयाची पर्वा केली नाही, भरल्या संसाराची केली नाही. तिनं रागाची वाट बघितली. तो आला नाही.

"तो पाव आणायचा ती आडेनाऊची बेकरी इथून किती लांब आहे रे?" तिनं विचारलं.

"एकोणीस किलोमीटर. का?"

"आमच्या गल्लीच्या तोंडालाच बेकरी आहे. मी म्हणायचे, अरे, इथलेच पाव आण की. तर म्हणे, तिथल्या पावाची गोष्टच वेगळी." ती म्हणाली. "खिडकीतून बघायचे मी त्याला जाताना. इतका हळू जायचा, की माझंच मन मला खायचं."

"जाताना तेल तापायचं," हुबर्ट म्हणाला.

"आणि येताना?"

टेकडीपलीकडच्या शर्यतीच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वळणाशी तुटला. रोझ्विटानं गाडीच्या छतावर हात ठेवला. पत्रा गार होता. तिनं हात तसाच राहू दिला.

"पिशवी टेबलावर ठेवायचा आणि गुपचूप बसायचा," ती म्हणाली. "मी पाव फोडायचे. हुबर्ट, एकोणीस किलोमीटरवरून आणलेले पाव, आणि तरीही लोणी लावलं की वितळायचं."