पाटीच्या कोपऱ्यातला पक्षी

"वटवाघूळ झालं की हो," डाव्या हातातला कप सावरत बायको म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावर पक्षी पाय वर करून लटकला होता. पेंटर चष्मा पुसत बसला. जन्मभर शिडी चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून त्याने मापंही खालून वर धरली होती. संगणक वरून खाली मोजतो.

"बाबा, आधी सोपं काहीतरी काढा. चौकोन, गोल," लेक म्हणाली. तिचं पोट प्रोग्राम लिहिण्यावरच होतं आणि बापाला ही नवी भाषा तीच शिकवत होती.

"पक्षीच काढणार. अक्षरं आधी रंगवली आणि मग वाचायला शिकलो मी. उलट्या वाटेची मला सवय आहे."

लेक हसली. हट्ट तिला कळत होता. त्याच्या पाट्या सगळं शहर खालच्या कोपऱ्यातल्या पक्ष्यावरून ओळखायचं. गिऱ्हाइकं म्हणत, एखादं अक्षर वाकडं आलं तरी चालेल, पक्षी हवा. लहानपणी तीही आईबरोबर डबा घेऊन जायची, तेव्हा शिडीखाली खेळताना तो ओला पक्षी बघायची.

मापं फिरवली. बटण दाबताच पक्षी रेघेरेघेने उमटला, पायांवर उभा. पेंटरने बायकोकडे पाहिलं.

"देखणा आहे. पण हा तो नव्हे."

त्याचा चेहरा उतरला. त्याला होकार हवा होता तो तिचाच.

तो पुन्हा आज्ञा लिहायला बसला. पंखाची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी केसासारखी. चोच जराशी उघडी. मान एका जागी किंचित थरथरलेली.

"बाबा, मानेत चूक राहिलीय. रेघ हलतेय."

"हलू दे. हात लावशील तर बघ."

बायकोने कप खाली ठेवला. पुढे वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हाच," ती म्हणाली.

पेंटरची छाती फुगली. लेकीलाही भरून आलं. "खाली तुमचं नाव टाकू ना, बाबा?"

"माझं कशाला? मी शिडीवरून उतरून डबा उघडायचो, तेवढ्यात ही पक्षी काढायची." त्याने बायकोच्या मांडीवरचा, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर कायमचा लुळा पडलेला उजवा हात अलगद उचलला आणि तिचं बोट बटणावर ठेवलं. "घे, काढ आता तुझा तू."